सोसायटीतर्फे टेकडीवर झाडं लावायचीयेत, नीट कसं करावं?

मुग्धा_पाषाण

नमस्कार मंडळी. आमची पुण्यात पाषाणला ६४ फ्लॅटची सोसायटी आहे, मागे टेकडी दिसते, सकाळी बरेच जण तिथेच फिरायला जातात. या वर्षी कमिटीत मी आहे आणि सगळ्यांनी मिळून ठरवलंय की १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की सगळ्यांनी टेकडीवर जाऊन झाडं लावायची, आकडा १०० ठरलाय. वर्गणी पण बऱ्यापैकी जमलीये. मुलं तर इतकी उत्साहात आहेत की आमच्या विंगमधल्या एका सहावीतल्या मुलीने प्रत्येक झाडासाठी नावाची पाटी रंगवायला घेतलीये.

मला यातलं खरंच काही माहिती नाही म्हणून विचारतेय. रोपं कुठून आणायची, कुठली आणायची (वड पिंपळ कडुनिंब असं सगळे म्हणतायत, काही जणांना गुलमोहर हवाय), खड्डे आधी करून ठेवायचे का, परवानगी लागते का, आणि लावल्यावर पाण्याचं काय करायचं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या एका सोसायटीने असाच कार्यक्रम केला होता, परवा मी मुद्दाम तिथे जाऊन बघितलं तर नुसत्या काड्या उभ्या आहेत, काही खड्ड्यांत तेही नाही. ते बघून पोटात कालवलं म्हणून हा धागा काढलाय. आमचं तसं व्हायला नको. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा प्लीज.

टेकडीवरचा

मुग्धाताई, आधी जाऊन बघितलंत हे फार चांगलं केलंत, बहुतेक लोक ते करत नाहीत. मी गेली १४ वर्षं दर रविवारी आमच्या ग्रुपबरोबर टेकडीवर काम करतो (वेताळ टेकडीच्या बाजूला), आमच्या हातूनही सगळ्या चुका होऊन गेल्यात. पहिल्या वर्षी आम्ही एका दिवसात दोनशेच्या वर रोपं लावली, फोटो काढले, वडापाव खाल्ले, घरी गेलो. पुढच्या जूनमध्ये मोजली तर वीसही नव्हती. त्या वर्षापासून मी लावलेली झाडं मोजत नाही, जगलेली मोजतो.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतो पण आधी पाण्याचा हिशोब करा कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. पुण्यात पाऊस ऑक्टोबरला संपतो, पुढचा जूनच्या मध्याला. म्हणजे नोव्हेंबरपासून साधारण ३० आठवडे रोपाला पाणी कोणीतरी नेऊन द्यायचंय. एका रोपाला आठवड्याला १० लिटर धरलं तर १०० रोपांना १००० लिटर. टेकडीवर नळ नाही, टँकर जात नाही, पाणी पाठीवरूनच न्यायचं. वीस जण पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन चढले तर एका खेपेला १०० लिटर होतं, म्हणजे दर आठवड्याला वीस माणसांनी दहा खेपा. एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर निम्मी सोसायटी गावाला गेलेली असताना. आता सांगा, १०० झेपतील? २५ लावा. २५ रोपं, पाच लिटर आठवड्याला, २५ माणसं एकेक कॅन घेऊन सकाळी फिरायला जातातच त्या रस्त्याने, एका खेपेत काम संपलं. पाचोळ्याचं जाड आच्छादन केलं तर पाच लिटरमध्ये भागतं, आमचं भागतं.

खड्ड्यांचं. खरं म्हणजे खड्डे एप्रिल-मेमध्ये खणायचे असतात, दोन फूट बाय दोन फूट बाय दोन फूट, आणि ते महिनाभर उन्हात तापू द्यायचे. आता जून संपत आलाय म्हणजे ती वेळ गेली, तरी पण खोल खणा. आपली टेकडी म्हणजे वर चार बोटं माती, मग मुरूम, खाली काळा पाषाण. पहारीने खणावं लागतं, मुलांच्या हातात खुरपी देऊन होणार नाही. पाषाण लागला तर हट्ट करू नका, दोन हात बाजूला सरका.

लावताना प्लास्टिकची पिशवी काढा. हसू नका, मी दरवर्षी पिशवीसकट लावलेली रोपं उपटून परत लावतो. आम्ही तर नियमच केलाय, पन्नास रोपं वर गेली की खाली येताना पन्नास पिशव्या मोजून घ्यायच्या. पिशवीत मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील तर ती हलक्या हाताने सोडवा. आळं करताना टेकडीच्या उताराला अर्धचंद्रासारखं, उघडी बाजू वरच्या अंगाला, म्हणजे वरून येणारं पाणी अडतं. सपाटीवरच्या बागेसारखं गोल आळं तिथे वाहून जातं.

आणि १५ ऑगस्ट उशीर आहे. दोन-तीन चांगले पाऊस पडून जमीन भिजली की लगेच, म्हणजे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात लावा, तेवढा मुळांना पाऊस जास्त मिळतो.

रविराज_७८

परवानगी शंभर टक्के लागते. टेकड्यांवरची बरीचशी जमीन वनविभागाची आहे, काही महापालिकेची, काही खाजगी मालकीची पण आहे. आधी जागा कोणाची ते बघा. वनविभागाची असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या ऑफिसात सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या, वनरक्षकाला भेटा, ते जागा दाखवतात आणि बरेचदा रोपं पण त्यांच्याच नर्सरीतून मिळतात. मनाने जाऊन खड्डे खणू नका, आम्ही असंच एका रविवारी केलं आणि ऐन कामात थांबवलं आम्हाला, मुलांसमोर फार वाईट वाटलं, पण चूक आमचीच होती.

रानगवत

मुग्धा, मी वनस्पतीशास्त्र शिकवते आणि टेकड्यांवर विद्यार्थ्यांना घेऊन जाते. माझं म्हणणं जरा वेगळं आहे, राग मानू नकोस.

तुम्ही ज्या जागेवर झाडं लावायचा विचार करताय ती जागा कशी आहे ते आधी बघ. उघडं गवत असलेला उतार असेल तर तिथे झाडं लावूच नका. आपल्याकडे मोकळी जमीन दिसली की ती ओसाड वाटते, सरकारी भाषेत तर पडीकच म्हणायचे. ती पडीक नसते. पुण्याच्या टेकड्यांवरचा गवताळ भाग हा त्या भागाचा मूळ स्वभाव आहे, पाऊस कमी, माती पातळ, म्हणून तिथे गवत आणि मधे मधे झुडपं आणि खुरटी झाडं. त्या गवतात चंडोल अंडी घालतो, टिटवी तर नुसत्या खड्यांमध्ये घालते, रातवा दिवसभर जमिनीला चिकटून बसलेला असतो. पहिल्या पावसानंतर त्याच जमिनीतून कुळी आणि मुसळीची पांढरी फुलं वर येतात, आठ महिने कंद खाली झोपलेला असतो. त्यावर तुम्ही दोन फुटांचा खड्डा खणलात तर काय झालं ते तुमचं तुम्हाला कळणार पण नाही. बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारा हरणांसाठी, ते सगळं गवताळ माळरान आहे. तिथे घनदाट झाडी केली तर चिंकाऱ्याने जायचं कुठे?

टेकड्यांवर हे आधी होऊन गेलंय. काही दशकांपूर्वी टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून ग्लिरिसिडिया म्हणजे गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं, कोणी त्याला उंदीरमारी म्हणतं. मूळ मध्य अमेरिकेतलं झाड. पटकन वाढतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, पाणी लागत नाही, म्हणून निवडलं, त्या वेळी लोकांनी मनापासूनच केलं होतं ते. फेब्रुवारीत गुलाबी फुलांनी भरून जातं तेव्हा दिसतं पण सुंदर. पण त्याखाली जाऊन उभी राहा आणि खाली बघ. गवत जवळजवळ नाही, स्थानिक रोपटी क्वचित. हिरवं आहे पण ऐकू येणारे पक्षी कमी. मला त्या झाडीत गेलं की गप्प व्हायला होतं.

म्हणून वड पिंपळ गुलमोहर सरसकट नको. गुलमोहर मादागास्करचा, तो टेकडीवर अजिबात नको. वड पिंपळ आपलेच पण ते टेकडीच्या पातळ मातीपेक्षा खाली पायथ्याला, ओढ्याच्या कडेला, जिथे खोल माती आहे तिथे. टेकडीवर जी झाडं आपोआप येतात ती बघा, सालई, मोई, गणेर, काटेसावर, पळस, खैर, हिवर, मेडशिंगी, बहावा, पांगारा. गणेर कधी बघितलायस का फेब्रुवारी-मार्चमध्ये? एक पान नसतं आणि टोकाला पिवळीजर्द फुलं. त्या मुलीला पाटी रंगवायची असेल तर गणेरची रंगवू दे.

झाडं लावायचीच असतील तर जिथे जमीन खरंच उकरली गेलीये, राडारोडा टाकलाय, जुनी खाण आहे, अशा जागा वनरक्षकाला विचारून निवडा. गवत आहे तिथे गवत राहू द्या.

टेकडीवरचा

रानगवत यांच्याशी पूर्ण सहमत. आम्हीही पहिली काही वर्षं गवतातच खड्डे खणले, मला कोणी सांगितलं नव्हतं तेव्हा. आता आमच्या कामातलं निम्मं काम झाडं लावण्याचं नसतंच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आम्ही पिवळा कॉसमॉस उपटतो. लोक त्याच्यात उभे राहून फोटो काढतात, पण तो बाहेरचा आहे, मेक्सिकोकडचा, आणि एकदा पसरला की गवत मारतो. बी धरायच्या आधी मुळासकट उपटायचा, ओल्या जमिनीतून सहज निघतो, लहान मुलांना सुद्धा जमतं. हे काम मुलांना द्या. दोन तासांत केवढा पट्टा मोकळा होतो ते त्यांना डोळ्यांनी दिसतं. फक्त आधी कोणीतरी जाणकार बरोबर असू द्या, नाहीतर उत्साहात सोनकी पण उपटली जाते, तीही पिवळीच आणि ती आपली आहे.

वेळूच्या_वाटेवर

मी कोरेगाव तालुक्यातला, सातारा. सध्या नोकरीमुळे पिंपरीत असतो. २०१६ ला आमच्या तालुक्यात पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा (गावांनी श्रमदानातून पाणी अडवायची) पहिल्यांदा झाली, त्या वर्षी तीनच तालुके होते, कोरेगाव, वरुड आणि अंबाजोगाई, आणि पहिला नंबर आमच्या तालुक्यातल्या वेळू गावाचा आला. मी तेव्हा सुट्टी काढून गावी गेलो होतो, शेजारच्या गावांमधून फिरलो, हातात टिकाव धरला. त्यावर दोन गोष्टी सांगतो.

एक म्हणजे आधी पाणी मग झाड. टेकडीच्या उतारावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे खणलेले लांब खंदक, असतील तर पावसाचं पाणी पळत नाही, चरात थांबतं, मुरतं, आणि चराच्या खालच्या मातीच्या बांधावर लावलेलं रोप वेगळंच वाढतं. चर सगळीकडे एकाच पातळीत पाहिजे, नाहीतर तो चर न राहता नाला होतो आणि सगळी माती घेऊन खाली येतो. पातळी काढायला महागडं काही लागत नाही, तीन काठ्यांची ए-फ्रेम आणि मधे दोरीला बांधलेला दगड, बस. आमच्याकडे आठवीच्या मुली ते करायच्या आणि बापांना सांगायच्या की आबा इथं नाही तिथं खणा. तुमच्या टेकडीवर आधीचे चर असतीलच, बऱ्याच ठिकाणी वनविभागाने खणलेले आहेत, ते गाळाने भरलेत का बघा. जुना चर उपसून साफ करणं हे नवीन खणण्यापेक्षा सोपं आणि परवानगी पण लवकर मिळते. माथ्याकडून सुरुवात करा, पायथ्याकडून नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. श्रमदान ४५ दिवस चाललं, पहिल्या दिवशी दोनशे माणसं असली तरी पाचव्या दिवशी किती येणार ते खरं. जिथे काम टिकलं तिथे मी एक बघितलं, रोज संध्याकाळी कोणीतरी घरोघरी जाऊन उद्या येणार का विचारायचं. फोन नाही, दारात जाऊन. म्हाताऱ्या बायका घमेलं उचलत नव्हत्या पण पाणी आणि गूळ घेऊन यायच्या, त्यांची पण हजेरी लागायची. तुमच्या सोसायटीत गुडघे दुखणारे आजोबा असतील, त्यांना रोपांची वही द्या. कुठल्या रोपाला कधी पाणी घातलं ते लिहायचं. आमच्याकडे एका मास्तरांनी अशी वही ठेवली होती, लोक त्या वहीत आपलं नाव यावं म्हणून यायचे.

आणि हो, खणणाऱ्यांनी बूट घाला, चप्पल नको. दगड उचलायचा तर आधी काठीने हलवून मग, फुरसं दगडाखालीच असतं, घोणस पण असते टेकड्यांवर.

मुग्धा_पाषाण

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, तीनदा वाचलं. प्रिंट काढून कमिटीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं, त्यावर बरीच गरमागरमी झाली. काही जण म्हणाले १०० वरून एकदम २५ म्हणजे लोकांचा उत्साह जाईल, वर्गणी दिलीये त्यांना काय सांगायचं. एक काका म्हणाले झाड लावणं कधी वाईट असतं का, ऑक्सिजन मिळतो, आणि गवताचं कसलं कौतुक. मला रानगवत यांचं पटलं पण त्यांना नीट समजावता नाही आलं. आणि खरं सांगू का, माझा स्वतःचा पण प्रश्न आहे, ६४ घरांतली लहान-मोठी मिळून शंभर-सव्वाशे माणसं त्या दिवशी येणारेत, २५ रोपं लावायला पाऊण तास लागेल, बाकीच्यांनी काय करायचं?

खाडीकिनारी

मुग्धाताई, मी नवी मुंबईतली, आम्ही महिन्यातून एकदा खाडीतल्या कांदळवनात कचरा काढतो. झाडांचं मला कमी कळतं पण शंभर माणसं एका जागी आणली की काय होतं ते चांगलं माहितीये.

शंभर माणसं एका ठिकाणी नेऊ नका. कांदळवनात आम्ही सुरुवातीला तेच केलं आणि कचऱ्यापेक्षा जास्त नुकसान आमच्या पायांनी केलं. तिथे चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली असतात, श्वास घ्यायला, ती तुडवली जात होती. आता पंधरापेक्षा जास्त माणसं आत जातच नाहीत, बाकीचे काठावर बसून वर्गवारी करतात, आणि वेळ ओहोटीची बघूनच ठरते. तुम्हाला भरती-ओहोटी नाही पण पावसाळी निसरडी वाट आहे, पक्ष्यांची घरटी आहेत. चार गट करा, चार वेगळ्या रविवारी बोलवा. लोकांना आवडतं ते, आपला गट म्हणून ओळख होते.

कचरा पण उचला, टेकडीवर असणारच, दारूच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं. पण एक गोष्ट आधी पक्की करा, गोळा केलेला कचरा पुढे कोण नेणार. आमच्या पहिल्या मोहिमेत ४० गोणी भरल्या, गाडी येणार होती, आलीच नाही, संध्याकाळच्या भरतीने अर्ध्या गोण्या परत खाडीत. मी काठावर उभी राहून रडले होते. तेव्हापासून गाडीचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय आम्ही एक पिशवी उचलत नाही. काचेसाठी जाड हातमोजे वेगळे, पातळ रबरी नकोत.

आणि उत्साह जाईल म्हणणाऱ्यांना वर्सोव्याचं सांगा. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये अफरोज शाह नावाच्या वकिलाने शेजारच्या एका वयस्कर माणसाला घेऊन किनारा साफ करायला सुरुवात केली, दोघंच होते. दर शनिवार-रविवार जात राहिले, माणसं जोडत गेली. २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. त्यांच्यासोबत पहिल्या आठवड्यात शंभर माणसं नव्हती ताई.

शाळेतली_बाई

मुलांसाठी माझ्याकडून. मी पाचवी-सहावीला शिकवते, आमच्या शाळेत आम्ही झाडं लावत नाही, रोपं करतो. सोसायटीला हे फार छान जमेल आणि टेकडीवर जायची परवानगी मिळेपर्यंत वाट बघायची पण गरज नाही. दुधाच्या पिशव्या जमवा, ६४ घरं म्हणजे आठवड्यात ढीग होईल, धुवून खाली चार भोकं पाडायची, माती आणि शेणखत भरायचं. बिया मुलांनीच गोळा करायच्या. कडुनिंबाच्या निंबोळ्या आत्ता झाडाखाली पडलेल्या असतील, त्या लगेच पेरायच्या, ठेवून दिल्या तर दोन-तीन आठवड्यांत उगवण्याची ताकद जाते. बहाव्याचं उलटं, त्याची बी इतकी टणक की नुसती पेरली तर वर्षभर ढिम्म बसते, तिला दगडावर घासायचं किंवा गरम पाण्यात रात्रभर ठेवायचं. आमच्या वर्गात एका मुलाने घासलेल्या आणि न घासलेल्या दोन ओळी लावल्या होत्या, घासलेली ओळ उगवली तेव्हा तो मधल्या सुट्टीत डबा न खाता तिथेच बसला होता.

स्वतः मोठ्या केलेल्या रोपांना मुलं विसरत नाहीत. विकत आणलेल्याला विसरतात, हे मी बघितलंय.

आणि पक्षी मोजा. ५ ते १२ नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो, ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सालिम अलींचा. फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, पंधरा मिनिटं एका जागी शांत उभं राहायचं, दिसलेले पक्षी मोजायचे, ई-बर्ड ॲपवर भरायचे. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना हे गच्चीवरून पण करता येतं. वर्षा-दोन वर्षांत तुमच्या टेकडीची तुमच्याकडे स्वतःची नोंद तयार होईल. त्या काकांना, जे म्हणाले गवताचं काय कौतुक, त्यांना एकदा पहाटे घेऊन जा आणि गवतावरून गात गात सरळ वर चढणारा चंडोल दाखवा. मला वाटतं समजावून सांगावं लागणार नाही.

रानगवत

शाळेतली_बाई, किती सुंदर. दुधाच्या पिशव्या माझ्या डोक्यातच आल्या नव्हत्या.

मुग्धा, ऑक्सिजनवाल्या काकांना एक सांग, गवत पण कार्बन धरतं आणि त्यातला बराचसा मुळांमध्ये, जमिनीखाली ठेवतं. वणवा लागला तर वरचं जळतं पण खालचं राहतं. आणि पावसात माती धरून ठेवायचं काम गवताइतकं चांगलं कोणी करत नाही, गवत गेलेल्या उतारावर पावसाळ्यात लाल पाणी वाहताना दिसतं ती आपली मातीच चाललेली असते.

टेकडीवरचा

वणव्याचा विषय निघाला म्हणून. बाकी शंभर जणांनी काय करायचं विचारलंत ना, तर हेच. आमची सगळ्यात जास्त झाडं पाण्याअभावी नाही, आगीत गेली. जानेवारीपासून गवत वाळतं, कोणीतरी सिगरेट टाकतं, कोणी मुद्दाम लावतं, आणि दुपारच्या वाऱ्यात दहा मिनिटांत अख्खा उतार जातो. एका मार्चमध्ये आमची चार वर्षांची, डोक्याइतकी झालेली बहाव्याची रांग गेली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पोचलो तेव्हा जमीन अजून गरम होती. त्या बहाव्यांना त्या वर्षी पहिल्यांदा कळ्या येतील असं आम्ही म्हणत होतो.

त्यानंतर आम्ही दर डिसेंबरला वनविभागाबरोबर जाळरेषेचं काम करतो, म्हणजे रोपांच्या भोवती आणि पायवाटेच्या कडेने गवत कापून पट्टा मोकळा ठेवायचा, म्हणजे आग आली तरी तिथे थांबते. हे काम कंटाळवाणं आहे, याचे फोटो चांगले येत नाहीत, आणि नेमकी इथेच माणसं कमी पडतात. तुमची शंभर माणसं डिसेंबरमध्ये दोन रविवार या कामाला मिळाली तर मी तुमच्या सोसायटीत येऊन सगळ्यांना चहा पाजीन. फेब्रुवारी ते मे रोज संध्याकाळी कोणीतरी टेकडीकडे नजर टाकणारं हवं, तुमच्या तर गच्चीवरून टेकडी दिसते. धूर दिसला की वनविभागाचा १९२६ हा नंबर लावायचा, तो प्रत्येक घरात फ्रिजवर चिकटवून ठेवा. स्वतः विझवायला मुलांना नेऊ नका, ओल्या फांद्यांनी झोडपून विझवतात पण ते शिकलेल्या माणसांचं काम आहे, वारा कधी फिरेल सांगता येत नाही.

मुग्धा_पाषाण

उशिरा उत्तर देतेय, मधे बरंच काही झालं. काल वनरक्षकांना भेटून आलो आम्ही चौघं, ते स्वतः दीड तास आमच्याबरोबर फिरले. आम्ही ठरवलेली जागा गवताचीच निघाली. त्यांनी खालच्या अंगाला एक जागा दाखवली, तिथे पूर्वी कोणीतरी राडारोडा टाकला होता, तिथे ३० रोपं लावायला हरकत नाही म्हणाले, अर्ज दिलाय. वर जुने चर पण आहेत, खरंच गाळाने भरलेत, वेळूच्या_वाटेवर यांनी म्हटलं तसंच.

वर्गणीतून रोपं विकत घ्यायची नाहीत असं ठरलं, त्याऐवजी २५ कॅन, चार पहारी, जाड हातमोजे आणि विळे घेतोय. उरलेले पैसे उन्हाळ्यातल्या पाण्यासाठी ठेवणार. १५ ऑगस्टला टेकडीवर जायचंच नाही, त्या दिवशी खाली पार्किंगमध्ये सगळ्यांनी मिळून दुधाच्या पिशव्या भरायच्या, त्यासाठी शंभर काय दोनशे माणसं आली तरी चालतील. रोपं लावायला जुलैमध्ये एकच गट जाईल. वही आमच्या तळमजल्यावरच्या आजोबांनी मागून घेतली, त्यांनी आत्ताच रकाने आखलेत.

काका अजून तयार नाहीत. पण परवा पहाटे येतो म्हणालेत, चंडोल बघायला. टेकडीवरचा, तुम्ही येऊ शकाल का हो? मला आवाज ओळखता येत नाही.

टेकडीवरचा

येतो. पावणेसहाला पायथ्याशी. काकांना म्हणावं स्वेटर नको पण बूट घाला, गवत ओलं असतं. पाच लिटरचा एक कॅन पण आणा, वाटेत मागच्या वर्षीचं एक मेडशिंगीचं रोप आहे, अजून पाऊस धड पडला नाहीये तिकडे.